शेवटच्या खांबाचा रुमाल

रुमाल वर गेला आणि मी वाक्याच्या मध्येच थांबले.

"काय झालं, वैनी? वाक्य विसरलात?" पहिल्या रांगेतून मुकुंदानं विचारलं. नाटक तोच बसवत होता.

"वाक्य कशाला विसरीन? मागं बघ की जरा."

मुकुंदानं मान वळवली. पागेच्या शेवटच्या खांबाला टेकून घड्याळअण्णा बसले होते आणि त्यांच्या हातात पांढरा रुमाल होता, डोक्याच्याही वर धरलेला. माझ्यासाठी! इतक्या वर्षांत माझ्या वाक्याला तो रुमाल त्यांच्या मांडीवरून हलला नव्हता.

आता हे रुमालाचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. आमच्या कासारगडात नाटक बघायला माणसं थिएटरात जात नाहीत, पागेत जातात. संस्थानिकांच्या घोड्यांची ती पागा. लांबच्या लांब दगडी इमारत, वर कमानी, दोन्ही बाजूंना सागवानी खांब. संस्थान गेलं, घोडे गेले आणि आमच्या नाट्यमंडळानं तिथं रंगमंच बांधला. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत, त्यांना लोक पिशव्या आणि छत्र्या अडकवतात. बाजूच्या दगडी गव्हाणी काढल्या नाहीत, त्यात पोरं बसतात. गव्हाणीत जागा मिळावी म्हणून तर पोरांची मारामारी चालते. नाटक दुपारी चारला, कारण सुरुवातीला दिवेच नव्हते, आणि पुढं दिवे आले तरी वेळ कोणी बदलली नाही. आणि माईक नाही. पागेत माईक लावणं म्हणजे पैलवानाला काठी देणं, असं जुने लोक म्हणायचे.

माईक नाही म्हणून रुमाल. मंडळाचा एक माणूस तालमीला आणि प्रयोगाला शेवटच्या खांबापाशी बसणार. वाक्य ऐकू आलं नाही तर त्यानं रुमाल वर करायचा. नटानं तो बघून आवाज चढवायचा. प्रेक्षकांना याचा पत्ताही लागत नसे. हा मान अण्णांकडे होता, मी मंडळात आले त्याच्याही आधीपासून.

शिवलिंगअण्णा कोरे त्यांचं नाव. चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून घड्याळअण्णा. मला नाटकात त्यांनीच आणलं. आमची पिठाची गिरणी. लग्न होऊन आले तशी मी गिरणीत उभी राहिले, आणि गिरणीच्या खडखडाटात गिऱ्हाइकाशी बोलायचं तर आवाज कसा लागतो ते ज्यानं गिरणी चालवली त्यालाच ठाऊक. एकदा मी कोणाला तरी आतून ओरडले, "मावशी, तो डबा तुमचा न्हाई, त्यात बाजरी हाय!" अण्णा रस्त्याच्या पलीकडून चालले होते. तिथंच थांबले. संध्याकाळी सासऱ्यांपुढं येऊन बसले आणि म्हणाले, "मामा, तुमच्या सुनेला रुमाल लागणार न्हाई. आम्हाला द्या."

सासरे म्हणाले, "सून काय उसनं पीठ हाय व्हय, द्यायला?"

पण अण्णा उठले नाहीत. रोज यायचे, चहा प्यायचे, तेच बोलायचे. शेवटी सासरे कंटाळले की काय कोण जाणे, एकदाचं हो म्हणाले. आणि मी, सातवीत शाळा सुटलेली शकुंतला मगदूम, पागेच्या रंगमंचावर उभी राहिले.

तर अशा गिरणीवालीसाठी त्या दिवशी रुमाल वर गेला होता.

तसा रुमाल गेली दोन वर्षं फारच वर जायला लागला होता. आधी नव्या मुलींसाठी, मग जुन्यांसाठीही. सगळे आवाज चढवत गेले. प्रेमाचा प्रवेश असो नाहीतर मरणाचा, सगळं तारस्वरात. आणि गंमत अशी की जितकं ओरडावं तितकं दगडी कमानींतून उलटून यायचं आणि शब्दांत शब्द मिसळायचे. लोक बाहेर पडताना म्हणायचे, काही कळलंच नाही. हळूहळू गावात बोलणं सुरू झालं, की पागेचा आवाज गेला. कोणी म्हणे छपराचे पत्रे बदलले त्यानं झालं, कोणी म्हणे मागची खिडकी बुजवली त्यानं.

मुकुंदानं तालीम थांबवली आणि सगळ्यांना रंगमंचाच्या कडेला बसवलं. मुकुंद आठल्ये आमचा चिटणीसही होता. बँकेत नोकरी, सरळ माणूस. त्याला पागेचा राग नव्हता, नाटकाचा जीव वाचला पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं.

"मी गेल्या वर्षीच म्हणत होतो," तो म्हणाला. "नगरपालिकेचं नवं सभागृह तयार आहे. खुर्च्या आहेत, माईक आहेत. वैनींचा आवाज पोचत नसेल तर कुणाचा पोचणार? लोक यायचे बंद झाल्यावर जायचं का आपण?"

"आणि पागेचं काय?" मी विचारलं.

"संस्थानच्या ट्रस्टला किल्ल्या परत. ते खताचं गोदाम करणार म्हणतात."

खताचं गोदाम! मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, आता हे उसळणार. पण ते रुमालाची घडी घालत बसले होते. घडी घालून झाल्यावर म्हणाले, "मुकुंदाचं खरं हाय. मलाबी दिसतंय की. पाडव्याच्या प्रयोगाला शकूसाठी रुमाल वर गेला, तर पागा सोडा. मी आडवा येणार न्हाई."

मग ते उठले आणि चपला घालून गेले.

त्या दिवसापासून मी तालमीत असा काही आवाज काढला की विचारू नका. नाटकाचा शेवटचा प्रवेश माझा होता. मुलगा सकाळी घर सोडून जाणार असतो, आणि आई त्याच्या उशाशी बसून बोलते, तो झोपलेला असताना. "उठू नकोस. मी काही मागायला आले नाही," अशी सुरुवात. आता झोपलेल्या लेकराशी आई कशी बोलेल? आणि मी भाजीबाजारात मेथीचा भाव विचारल्यागत ओरडत होते. लेकराचं काम करणारा प्रभाकर म्हणाला, "वैनी, माझ्या कानाचा पडदा फाटला तर मंडळ खर्च देणार का?" सगळे हसले. आणि मागं रुमाल वरच.

घरी घसा धरून बसले तर नवरा म्हणाला, "अगं, गिरणीत जरा हळू बोल म्हणजे तिथं पुरेल."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. तिकडं पागा चाललीय."

"तुझ्या ओरडण्यानं राहणार हाय व्हय ती?" तो म्हणाला. ते मात्र मला लागलं, कारण खरं होतं.

पाडवा जवळ आला तेव्हा आमचं गजराचं घड्याळ बंद पडलं. ते घेऊन मी अण्णांच्या दुकानात गेले. त्यांनी उघडलं, फुंकर मारली, चिमट्यानं आत काहीतरी हलवलं आणि झाकण लावून टाकलं. मला इकडं फळीच्या या बाजूला टिकटिक स्पष्ट ऐकू आली. चांगली खणखणीत. आमचं ते घड्याळ म्हणजे टिकटिकीनं झोपमोड करणारं.

अण्णांनी घड्याळ कानाशी धरलं. डोळे मिटले. मग मान हलवली.

"बोलत न्हाई अजून," ते म्हणाले आणि पुन्हा झाकण उघडायला लागले.

त्यांनी आत बघितलं, चाक फिरत होतं. ते बघून म्हणाले, "हां, आता चाललं बघ." झाकण लावलं आणि मला दिलं. मी घड्याळ पिशवीत टाकलं आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. पिशवीतून टिकटिक ऐकू येत होती.

म्हणजे पागेला काहीच झालेलं नव्हतं.

आता मला आनंद व्हायला पाहिजे होता, नाही का? मुकुंदाकडं जाऊन सांगितलं असतं तर पागा त्याच क्षणी वाचली असती. पण मग अण्णांचं काय? गावात काय म्हणाले असते? बहिऱ्याला कान करून बसवला आणि दोन वर्षं सगळं मंडळ बोंबलत राहिलं. लोक हसून हसून मेले असते. ज्या घड्याळजीला टिकटिक ऐकू येत नाही, त्याच्याकडं घड्याळ तरी कोण टाकणार? आणि न सांगावं, तर पाडव्याला रुमाल वर जाणार, हे ठरलेलं. आणि पागेत खताची पोती.

रात्रभर तळमळले. सकाळी ठरवलं की जे काही सांगायचं ते पहिल्यांदा अण्णांना, आणि दुसऱ्या कोणासमोर नाही. निरोप धाडला, दुपारी पागेत या, माझा शेवटचा प्रवेश एकटीचा ऐका.

आले ते. उन्हातून आले होते, टोपीनं वारा घेत होते. पागा आत गार होती. मागचं दार उघडं होतं आणि त्याच्या पायरीवर सावलीला भाजीवाली हौसाक्का पाटी ठेवून टेकली होती. ती रोजच टेकायची तिथं.

मी रंगमंचावर चढले. अण्णा शेवटच्या खांबापाशी गेले आणि तिथून म्हणाले, "शकू, मी आज भिंतीकडं तोंड करून बसतो. तुझं तोंड हलताना दिसलं की अर्धं डोळ्यांनीच कळतंय. ते खरं न्हवं. पागेची परीक्षा नीट व्हायला पाहिजे."

आणि ते खरंच पाठ करून बसले. रुमाल मांडीवर.

मी तोंड उघडलं, पण नाटकातलं वाक्य येईना. त्यांची ती पाठ बघत राहिले. सदऱ्यावर घामाचा डाग, मानेवर पांढरे केस. आणि जे त्यांच्या तोंडावर बोलायची छाती होत नव्हती ते मी त्या पाठीला बोलायला लागले. अगदी हळू.

"अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही हो. पागा चांगली आहे, तुमचे कान गेलेत. मला हे तुम्हाला सांगवत नाही. तुम्ही रोज येऊन चहा पीत बसला नसता तर मी अजून त्या पिठाच्या धुरळ्यात असते, आणि माझा आवाज फक्त बाजरी-ज्वारीला कामी आला असता. माझे वडील लहानपणीच गेले. मला शाबास म्हणणारं पहिलं माणूस तुम्ही. रंगमंचावर उभी राहिले की मी लोकांना बघत नाही, तुमचा रुमाल बघते. तो मांडीवर असला की मला वाटतं, बाप घरात आहे. तुम्हाला लाज वाटेल असं मी काही करणार नाही. गेली पागा तर जाऊ दे."

हे सगळं बोलले, आणि बोलता बोलता रडायलाच लागले. थांबले.

अण्णांनी पाठ न वळवता विचारलं, "अगं, सुरू कर की! किती वेळ लावतीस?"

मी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनीच मागं वळून बघितलं. माझे डोळे बघितले, पदर बघितला.

"बोललीस व्हय तू?"

मी मान डोलावली.

"ओरडून का हळू?"

मी हात खाली दाबून दाखवला, हळू. मग दाराकडं बोट केलं. तिकडं हौसाक्का पायरीवर बसून दोन्ही हातांनी पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होती. तिच्या पाटीतली कोथिंबीर तिच्याच पायाखाली गेली होती, तिचं लक्ष नव्हतं.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आता हा माणूस कोसळणार, असंच मला वाटलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "हौसाला तिथवर ऐकू गेलं?"

"गेलं," मी मोठ्यानं सांगितलं.

"सगळं?"

"सगळं!"

त्यांनी खांबावर हात ठेवला. म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी थाप मारली. "म्हणजे पागा ठणठणीत हाय!" आणि हसायला लागले. खरंच सांगते, मोठमोठ्यानं हसले आणि हसताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटलं ही मेली. दोन वर्षं मला घास गोड लागला न्हाई, शकू. आणि मरतोय कोण, तर माझे कान! मरू देत की!"

मग खाली बसले आणि त्याच रुमालानं तोंड पुसलं. थोड्या वेळानं म्हणाले, "पाडव्याला मी हितंच बसणार. आधी कुणाला बोलू नको. सगळे मलाच बघत बसतील आणि नाटक राहील बाजूला. मुकुंदाला मी माझ्या शेजारी बसवतो. त्याचे कान त्याला सांगतील. तू फक्त आता बोललीस तसं बोल."

"आणि सवयीनं रुमाल वर गेला तर?"

हे त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

पाडव्याला पागा भरली. गावात बातमी पसरली होती की हा कदाचित पागेतला शेवटचा प्रयोग, म्हणून कधी न येणारेही आले. गव्हाणीत पोरं, कड्यांना पिशव्या. शेवटच्या खांबापाशी अण्णा, नवा पांढरा सदरा घालून, आणि शेजारी मुकुंदा.

पहिल्या अंकात सगळे सवयीनं ओरडत होते आणि कमानी ते उलटं फेकत होत्या. मी माझ्या वाक्याला आवाज खाली आणला. प्रभाकर चमकला, हळूच मागं बघितलं. रुमाल मांडीवर. त्यानंही आवाज खाली आणला. मग एकेक करून सगळेच उतरले. दोन वर्षांनी आम्ही माणसांसारखं बोलत होतो.

शेवटचा प्रवेश आला. प्रभाकर खाटेवर डोळे मिटून पडला. मी उशाशी बसले. "उठू नकोस. मी काही मागायला आले नाही." जेवढ्या आवाजात आई बोलेल तेवढ्याच आवाजात. पुढची रांग गप्प झाली, मग मधली. गव्हाणीतली पोरंसुद्धा चुळबूळ करायची थांबली. आणि तेवढ्यात मला दिसलं, अण्णांनी रुमाल उचलला.

आवाज चढवू का? गिरणीवालीचा आवाज घशाशी येऊन उभा राहिला होता. मी तो गिळला. वाक्य आणखी हळू म्हटलं. जायचं असेल पागेला तर जाऊ दे, पण या लेकराला मी उठवणार नाही.

अण्णांनी रुमालानं कपाळावरचा घाम टिपला, चार घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले. शेवटपर्यंत हलले नाहीत.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. मुकुंदा मागून धावत आला आणि रंगमंचावर चढून माझे हात धरले. "वैनी, अक्षर न् अक्षर! खांबाशी बसून मला तुमचा श्वास ऐकू येत होता!" त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. "मग दोन वर्षं रुमाल कसा काय..."

"ते मी सांगतो," मागून अण्णा म्हणाले. ते सावकाश पायऱ्या चढून आले, लोकांकडं तोंड करून उभे राहिले आणि हात वर केला. पागा शांत झाली.

"मंडळी, पागेचा आवाज गेला न्हाई. माझे कान गेलेत. रुमाल चुकीचा वर जात होता. पागेला कुणी नावं ठेवू नका. ठेवायची तर मला ठेवा."

कोणी हसलं नाही. ज्याची मला इतके दिवस धास्ती होती ते काही घडलंच नाही. हौसाक्का मागच्या दारातून ओरडली, "अण्णा, तुमास्नी कोन नावं ठेवंल?" आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अण्णांना त्या ऐकू आल्या की नुसत्या दिसल्या, कोण जाणे. त्यांनी रुमाल मुकुंदाच्या हातात दिला. "धर. आता तू बस. आणि माझ्यासारखं नुसतं नटाच्या तोंडाकडं बघू नको. लोकांच्या पाठी बघ. ऐकू न आलं की माणूस पुढं वाकतं. आज एकबी वाकलं न्हाई. एवढी साधी गोष्ट मला दोन वर्षं सुचली न्हाई बघ."

मुकुंदानं रुमाल घेतला आणि अण्णांच्या पाया पडला. नव्या सभागृहाचं नाव त्यानंतर त्यानं कधी काढलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा उन्हं उतरली होती. अण्णांना घरापर्यंत सोडायला मी निघाले. दारादारांत गुढ्या उतरवणं चाललं होतं. चौकात त्यांच्या दुकानासमोर आल्यावर ते थांबले.

"शकू, एक राहिलंच. त्या दुपारी तू काय बोललीस?"

"नाटकातलंच," मी म्हटलं आणि मान हलवली.

"खोटं. हौसाला विचारलं. ती म्हणती, मी न्हाई सांगणार, ज्याचं त्याच्याच तोंडून ऐका." आणि त्यांनी टोपी काढली, कानामागं हात धरला आणि माझ्यापुढं वाकून उभे राहिले.

चौक माणसांनी भरलेला. पानाच्या टपरीशी घोळका, एसटीची वाट बघणाऱ्या बायका, नुकतीच पागेतून बाहेर पडलेली निम्मी माणसं. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग म्हटलं, देवानं हा आवाज कशासाठी दिलाय? पदर खोचला आणि गिरणी चालू असताना लावते तो आवाज लावला.

"अण्णा! तुम्ही माझे बाप आहात!"

सगळा चौक वळून बघायला लागला. अण्णा सरळ झाले. टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले,

"हळू बोल की, पोरी. बाप काय बहिरा हाय व्हय?"